पंचवीस पौंडी तंगूस

त्या तळ्याचं नाव मी सांगणार नाही. दत्ताकाकांनी परतीच्या वाटेवर माझ्याकडून तसा शब्द घेतला आहे, आणि मासे धरणारी माणसं या बाबतीत फार चिवट असतात. एवढंच सांगतो की क्युपर्टिनोहून पूर्वेला निघालं की दोन-अडीच तासांनी सपाट मैदान संपतं, ओकच्या झाडांच्या टेकड्या सुरू होतात, आणि तिथे सिएरा पर्वताच्या पायथ्याशी धरणांमागे अडवलेली बरीच तळी आहेत. त्यांतलंच एक. साल २००६, महिना मार्च. अमेरिकेतल्या पंधरा वर्षांत मी ग्रँड कॅनियन पाहिला, नायगारा तर पाहुण्यांच्या कृपेने तीनदा पाहिला. पण तळहाताला घाम फुटावा असा प्रवास हा एकच, आणि तोही एका लाकडी माशापायी.

क्युपर्टिनो, गुरुवार

दत्ताकाका माझे नात्याने कोणी नाहीत. मूळचे वेंगुर्ल्याचे, फार पूर्वी शिकायला आले आणि इथलेच झाले. मी दोन बॅगा घेऊन या देशात उतरलो तेव्हा मला घ्यायला विमानतळावर तेच आले होते, आणि घर मिळेपर्यंत तीन आठवडे सुधाकाकूंनी मला जेवायला घातलं. अशा माणसाला मी आजवर ‘नाही’ म्हटलेलं नाही. तसा माझा स्वभावच भिडस्त. माझी बायको अर्चना म्हणते, चुकीच्या विमानात बसलास तरी हवाईसुंदरीला वाईट वाटेल म्हणून तू उतरणार नाहीस.

काकांना तीस वर्षं एकच नाद, बास धरण्याचा. बास म्हणजे इथला गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, हावरट मासा. हिवाळ्यात सरकार या तळ्यांत ट्राउट मासे आणून सोडतं, आणि म्हातारे बास तेच खाऊन माजतात. तेव्हा मोठा बास हवा असेल तर गळाला खोटा ट्राउटच लावावा लागतो, वीतभराहून लांब आणि खऱ्यासारखा पोहणारा. काका तो गॅरेजमध्ये लाकडातून कोरायचे. तीन तुकडे, मध्ये बिजागऱ्या, पोटात शिसं. आणि रंगवायच्या सुधाकाकू. पाठीवर काळे ठिपके, कुशीला गुलाबी पट्टा, पिवळा डोळा. असे दहा-बारा झाले असतील. काही बुडालेल्या झाडांत अडकून गेले, काही माशांनी नेले. काकूंनी आजारपणात रंगवलेला शेवटचा तेवढा उरला होता. त्या गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तो मासा शोकेसमध्ये गणपतीशेजारी होता.

आता घर विकलं गेलं होतं. पुढच्या आठवड्यात काका देशाच्या दुसऱ्या टोकाला, पार्सिपनीला मुलाकडे कायमचे जाणार होते. त्याआधी त्यांनी मला बोलावून घेतलं.

“मिलिंदा, हा एकदा पाण्यात घालायचाय,” काका म्हणाले. “तिने तो काचेआड ठेवायला नव्हता रंगवला.”

“पण काका, मला मासेमारीतलं काय कळतं? मी नागपूरचा.”

“मला तुझी बोटं हवीत.”

डायबेटिसने काकांच्या बोटांची जाण गेली होती. एवढा जड मासा दिवसभर फेकायचा तर तंगूस, म्हणजे नायलॉनची ती दोरी, दर पाच-सात फेकींनंतर बोटांतून ओढून पाहावी लागते. कुठे खरचटली, कुठे खडबडीत लागली, की तेवढी कापून नवी गाठ मारायची. मी मात्र लहानपणी नागपुरात संक्रांतीला महिनाभर गच्चीवर काढलेला माणूस. मांजाला कुठे गाठ आहे, कुठे धार गेली आहे, हे न बघता सांगायचो. तर्जनीवर अजून तेव्हाची पांढरी रेघ आहे. हे मी कधीतरी गप्पांत बोललो होतो आणि काकांनी ते लक्षात ठेवलं होतं.

त्यांनी रॉड माझ्या हातात दिला. रीलवर, म्हणजे रॉडच्या चाकावर, तंगूस भरून तयार होती. “पंचवीस पौंडी आहे, तेवढं वजन पेलणारी. तुझी काकू होती तेव्हाच मोठं रीळ आणलेलं. बघ हात लावून.”

मी दोन बोटांत धरून हातभर ओढली. बोटांवर खडूसारखी भुकटी आली. गॅरेजमध्ये, पाणी तापवायच्या टाकीशेजारी, त्या रिळाने चार-पाच उन्हाळे काढले होते. मांजा असता तर मी तो कोणाला उडवू दिला नसता.

“कशी आहे?” काकांनी विचारलं.

“छान आहे,” मी म्हणालो.

आता हे लिहितानाही मला माझा राग येतो. पण समोर काकूंचा मासा टेबलावर, काका त्याला फडक्याने पुसत बसलेले. काकूंच्या वेळची दोरी कुजली आहे, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

ओकडेल आणि पुढे, शुक्रवार

सकाळी निघालो. आल्टमाँटच्या घाटात पवनचक्क्या गरगरत होत्या. मार्चमध्ये कॅलिफोर्नियाच्या टेकड्या हिरव्या असतात. वर्षातून दोन-तीन महिनेच हे सुख. एरवी हा सगळा मुलूख भाजलेल्या पोळीसारखा दिसतो. पुढे मैदानात बदामाच्या बागांचा बहर नुकताच सरला होता आणि झाडांखाली पाकळ्यांचे पांढरे पट्टे पडले होते. काका मांडीवर चपलांचा खोका धरून बसले होते. खोक्यात मोजा, मोज्यात मासा. मी ब्रेक लावला की त्यांचा हात खोक्यावर जायचा, आणि तो हात दिसला की मला ती भुकटी आठवायची.

“काकू यायच्या का तुमच्याबरोबर?” मी विचारलं.

“यायची की. आणि चिडायची. म्हणायची, चार तास उन्हात बसून मासा धरायचा आणि परत पाण्यात सोडायचा, हा कुठला आचरटपणा? आमच्या वेंगुर्ल्यात असं केलंस तर वेड्यात काढतील. इथल्या लोकांचा हा नियमच ना, मोठा बास मारायचा नाही. ती बिचारी घरून तळणाचं तेल घेऊन यायची आणि तसंच परत न्यायची.”

ओकडेलला थांबून अर्चनाने दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. तासाभराने, तळ्याच्या अलीकडच्या गावात, काका म्हणाले, “मी जरा कॉफी घेतो. तू त्या दुकानातून लायसन काढून घे.”

मासेमारीच्या त्या दुकानात काउंटरमागे पांढऱ्या वेणीची एक उंच बाई होती. लायसन झाल्यावर मी घसा खाकरला आणि तिला म्हटलं, मला एक लाइन, म्हणजे तंगूस, हवी आहे.

“कशासाठी?” तिने विचारलं.

मी हाताने माप दाखवलं. “लाकडी ट्राउट आहे. घरी केलेला. एकच आहे.”

शेवटच्या दोन शब्दांवर तिने चष्मा लावला आणि तीन रिळं समोर ठेवली. माझा हात आपोआप सगळ्यात बारीक दोरीकडे गेला. पतंगवाल्याची खोड. आमच्याकडे बारीक आणि कडक तोच चांगला मांजा.

“ती विणलेली आहे,” बाई म्हणाली. “तिने तू गाडी ओढशील. पण ती तसूभरही ताणत नाही. फेकताना रीलमध्ये गुंता झाला की असा झटका बसतो की आमिष एकटंच उडून जातं. ही दुसरी फ्लुरोकार्बन, पाण्यात दिसत नाही. पण हिची गाठ नाजूक, आणि ही बुडते, त्यामुळे आमिषाचं नाक खाली ओढते. ही तिसरी साधी नायलॉन. जाड आहे, कोणी हिचं कौतुक करत नाही. पण ताणते आणि झटका पोटात घेते. जे परत हवं असेल त्याला ही बांध. पंचवीस पौंडी घे.”

“आणि जुनी असेल तर?”

“किती जुनी?”

“गॅरेजमध्ये चार-पाच वर्षं.”

ती हसली नाही. “ती कचऱ्यात टाक. तळ्यात कशाला टाकतोस?”

मी नवं रीळ घेतलं आणि चोरासारखं जाकिटाच्या आत घातलं. गाडीत बसल्यावर सांगायचं ठरवलं होतं. गाडीत बसलो, तर काका काकूंचीच गोष्ट सांगत होते. तळ्यावर पोचल्यावर सांगू, म्हटलं. तळ्यावर काकांनी काठावरून सरावासाठी जुना रबरी मासा आठ-दहा वेळा फेकला. तंगूस टिकली. मग मलाच वाटलं, कदाचित निभावेल, कशाला उगाच म्हाताऱ्याचं मन मोडा?

संध्याकाळी मोटेलच्या खोलीत काका अंघोळीला गेल्यावर मी रीलवरून हातभर तंगूस कापली, दोन्ही मुठींना रुमाल बांधून त्यावर गुंडाळली आणि हिसका दिला. पंचवीस पौंडी दोरी रुमालातूनही हात कापेल, पण तुटणार नाही. ही तुटली. पुन्हा कापली, पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा तर मी जोरही लावला नव्हता. तुकडे खिशात कोंबले आणि पलंगावर बसलो.

जेवायला समोरच्या खानावळीत गेलो. काकांनी तळलेला कॅटफिश मागवला आणि खिशातून कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी काढून त्यावर मालवणी मसाला पेरला. वाढणारी मुलगी बघतच राहिली. काकांनी तिलाही चिमूटभर दिला. तिचे डोळे पाण्याने भरले तरी तिने “व्हेरी नाइस” म्हटलं. म्हणजे भिडस्त माणसं इथेही आहेत तर. एरवी मी हसलो असतो.

“उद्या कसं होईल रे?” काकांनी विचारलं.

“होईल व्यवस्थित,” मी म्हणालो. खिशात ते तुकडे टोचत होते.

तळ्यावर, शनिवार

सकाळी मरीनावर, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, ॲल्युमिनियमची छोटी बोट भाड्याने घेतली. पाण्यावर धुकं होतं. लाइफ जॅकेटमध्ये काका मुंज झालेल्या बटूसारखे आखडून बसले. मी इंजिन चालवत होतो. धरण बांधलं तेव्हा बुडालेल्या ओकच्या फांद्या जागोजाग पाण्याबाहेर आल्या होत्या. एका खडकाळ टोकाजवळ काकांनी हात वर केला. मी इंजिन बंद केलं. इतकं शांत झालं की मला माझ्या जाकिटाची चेन वाजलेली ऐकू आली.

काकांनी मोज्यातून मासा काढला. त्याच्या पोटातल्या शिशामुळे तो सावकाश बुडतो. म्हणजे एकदा सुटला की शोधायची सोयच नाही. खाली साठ फूट पाणी.

“बघ हात लावून,” काकांनी रॉड पुढे केला.

मी ओढली. तीच भुकटी. आता बोल, मी मनात म्हणालो, हीच वेळ आहे. काका माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते.

“ठीक आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि मला गाठ मारायला सांगितली. मी पाण्यात बोट बुडवायला लागलो तर म्हणाले, “थुंकी लाव. कोरडी गाठ ओढताना जळते, आणि एवढ्याशा पाण्याने काही होत नाही.” उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरातला मी, काकूंच्या माशाला थुंकी लावून गाठ मारली.

पहिली फेक. रॉड मागे गेला, सपकन पुढे आला, आणि मासा हवेत. तो दूर खडकापाशी पाण्यात पडला. काका हळूहळू रील फिरवू लागले आणि पाण्याखालून तो तीन तुकड्यांचं अंग वळवत, खऱ्यासारखा पोहत आला. काय सुंदर पोहायचा! दुसरी फेक. तिसरी. काकांचा अंगठाही बधिर. तो रीलवर वेळेवर टेकला नाही तर गुंता होणार. पाचव्या फेकीला थोडा झालाच. मासा मध्येच झटका खाऊन पाण्यात आपटला. माझ्या तोंडून “आई गं” निघालं. तंगूस टिकली होती. कशी, देव जाणे.

“हात लाव,” काका म्हणाले.

मासा जिथे बांधला होता तिथून वीतभर वर मला ती लागली. करवतीसारखी, नखाला अडकणारी जागा. “ठीक आहे,” मी म्हणालो.

सातव्या फेकीला मासा बोटीपासून दहा फुटांवर आला आणि त्याच्यामागे पाण्यातून एक सावली आली. आधी मला वाटलं ओंडका आहे. मग ओंडक्याने शेपूट हलवली. काकांनी रील फिरवणं थांबवलं. तो बास काकूंच्या माशाच्या मागे, हातभर अंतरावर, नुसता तरंगत राहिला. मग वळला आणि सावकाश खडकाखाली गेला.

काका माझ्याकडे वळले. “पाहिलंस? आता परत येईल. पुढच्या फेकीला घेईल. लवकर, हात लाव.”

त्यांनी रॉड दिला. मी तंगूस धरली आणि बोटं पुढे सरकेनात. मी खिशातून नेलकटर काढलं आणि कट्‌कन दोरी कापली. मासा माझ्या हातात आला.

“अरे मेल्या, हे काय केलंस!” काका ओरडले. तळ्याच्या पलीकडून त्याचा प्रतिध्वनी आला.

मी उरलेली तंगूस मुठीला गुंडाळली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ओढली. तुटली. “काका, ही कुजलीय. गुरुवारपासून मला माहीत आहे. तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा खोटं बोललो.” मी जाकिटातून नवं रीळ काढून त्यांच्यापुढे ठेवलं. माझे डोळे भरून आले होते, ते मी पुसलेही नाहीत.

काकांनी ते रीळ उचलून हातात फिरवलं. मग म्हणाले, “तीस वर्षं मासे धरतोय मी. जुनी तंगूस मला कळत नसेल?”

“मग भरलीत कशाला?”

“पार्सिपनीला तळघरातली खोली आहे. सूनबाई चांगली आहे, पण शोकेस वगैरे नाही. हा कुठे ठेवू? कोणाला देऊ? फेकून तर देववत नाही. म्हटलं, मोठ्या माशाने नेला तर नेला, तिलाही आवडलं असतं. पण ठरवतासुद्धा येईना. म्हणून तुझ्या बोटांवर सोडलं. तू वाईट आहे म्हणाला असतास तर बदलली असती. तू ठीक म्हणालास. म्हटलं, असं तर असं.”

म्हणजे माझ्या भिडेने मी काकूंचा मासा जवळजवळ पाण्यात घातला होता, आणि काका ते मुकाट्याने मान्य करत होते. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जुनी तंगूस उतरवून पिशवीत भरायला आणि नवी भरायला अर्धा तास लागला. पेन्सिलीवर रीळ अडकवून काकांनी ते गुडघ्यांत धरलं, मी फिरवत गेलो. नवी दोरी बोटांतून पाण्यासारखी सरकत होती. गाठ मारली, थुंकी लावून.

“आता?” काकांनी विचारलं.

“आता चांगली आहे,” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फेकली.

मोजल्या नाहीत, पण वीसेक फेकी झाल्या असतील. ऊन वर आलं होतं. मी पुरीचा डबा उघडत होतो तेवढ्यात रॉड पाण्यापर्यंत वाकला. रील कर्रकन ओरडलं. बास बुडालेल्या झाडांच्या दिशेने सुटला.

“ढील द्या काका, ढील द्या!” मी ओरडलो. नागपूरच्या गच्चीवर पेच लागला की हेच करायचं.

“गप्प बस! हा काय पतंग आहे? ढील दिली की सुटला!” काका दात आवळून मागे रेलले. तंगूस इतकी ताणली की वाऱ्यात वाजायला लागली. ती एका फांदीला घासताना मला स्पष्ट दिसत होती. तुटेल, आता तुटेल, असं म्हणत मी बोटीचा काठ घट्ट धरला. मग तो पाण्याबाहेर उसळला. बादलीएवढं तोंड, त्यात आडवा काकूंचा मासा, आणि त्याने डोकं झाडलं.

तंगूस सैल झाली आणि पाण्यावर गोल गोल पडली. काकांनी रॉड खाली ठेवला.

“गेला,” ते म्हणाले. रील फिरवायलाही त्यांनी हात लावला नाही. चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसला.

मी तंगूस दोन बोटांत घेतली. सैल होती तेवढी ओढून घेतली. मग बोटांना वजन लागलं. फार नाही, पण मेलेलं, सावकाश खाली जाणारं वजन.

“आहे, काका.”

“उगाच सांगू नकोस.”

“आहे. नक्की आहे.”

कटलेल्या पतंगाची दोरी गोळा करतात तशी मी हातावर हात टाकून ती ओढत गेलो. काका बोटीच्या काठावरून वाकून खाली बघत होते. हिरव्या पाण्यातून आधी गुलाबी पट्टा दिसला, मग पिवळा डोळा. मी तो उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो शर्टाला पुसला, उन्हात डोळे बारीक करून पाहिला, आणि त्या बधिर बोटांनी पाठीवरून हात फिरवला.

“ठीक आहे ना रे?” त्यांनी विचारलं.

“नाही, काका,” मी म्हणालो. “शेपटीजवळचा रंग गेलाय, आणि एक बिजागरी वाकलीय.”

काकांनी मान डोलावली. मग मासा मोज्यात घालून खोका मांडीवर घेतला आणि म्हणाले, “चल, पुऱ्या काढ. घरी गेल्यावर सूनबाईला फोन करून विचारायला हवं, खिडकीत जागा आहे का म्हणून.”